अंडी बसवायची, तर आठवड्याच्या आत

आज गावरान अंड्यांबद्दल बोलू. खुडूक कोंबडीखाली 12 अंडी ठेवली, 21 दिवस वाट पाहिली आणि पिल्लं निघाली पाचच, असं गटाच्या बैठकीत नेहमी ऐकू येतं. दोष कोंबडीला दिला जातो, नाहीतर कुणाच्या नजरेला. खरं कारण बऱ्याचदा अंडी बसवण्याआधीच्या दिवसांत असतं.

अंडं कोंबडीच्या पोटात साधारण एक दिवस तयार होत असतं. कोंबडा सोबत असेल, तर जीव तिथेच वाढू लागतो. अंडं बाहेर येऊन गार झालं, की तो जणू झोपी जातो. ही झोप 15 ते 18 अंशांत चांगली लागते. आपल्या नगर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या आसपास जातो. अशा दिवसांत चुलीजवळच्या टोपलीतलं अंडं ना धड झोपतं, ना धड जागं होतं. जीव अर्धवट वाढतो आणि मरतो. शिवाय कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून ओल उडते, पांढरा बलक पातळ होतो. म्हणून 7 दिवसांनंतर पिल्लू निघण्याची आशा रोज कमी होत जाते. उन्हाळ्यात 3-4 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये.

कुणी म्हणेल, झुडपात लपून घालणारी कोंबडी तर पंधरा दिवस अंडी साठवते, तरी पिल्लं निघतात. खरंय. पण ती अंडं घालायला येते तेव्हा थोडा वेळ आधीच्या अंड्यांवर बसते, त्यांना ऊब देते, हलवते. टोपलीतल्या अंड्यांना हे मिळत नाही.

मग ठेवायची कशी? पसरट मातीच्या भांड्यात वाळू घाला, ती पाण्याने ओली करा, त्यावर छोटी टोपली ठेवून तिच्यात अंडी ठेवा. निमुळतं टोक खाली. जागा सावलीची, हवेशीर. अंडी धुऊ नका. वरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतू आत शिरतात. फार मळलेलं किंवा तडकलेलं अंडं खाण्यात घ्या. बसवायची अंडी फ्रीजमध्ये नकोत, तिथली थंडी जास्त होते. बदकाच्या अंड्यांनाही हेच नियम. ती चिखलात मळतात, म्हणून सकाळी लवकर गोळा करा. त्यांना मात्र 28 दिवस लागतात.

आता मुख्य अडचण. एकच कोंबडी एक दिवसाआड अंडं देते, मग 12 अंडी जमायला तीन आठवडे जातात. इथे गट कामी येतो. चार-पाच घरांची अंडी एकत्र केली, तर तीन-चार दिवसांत ताजी 12 अंडी होतात. तोवर खुडूक कोंबडीला दोन जुन्या अंड्यांवर बसवून ठेवा. नवी ठेवताना जुनी काढून घ्या. मात्र ज्या घरी कोंबड्या आजारी आहेत, तिथली अंडी घेऊ नका.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख आणि घराची खूण लिहा. सातव्या-आठव्या दिवशी रात्री अंधारात मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून पाहा. लाल शिरांचं जाळं दिसलं, तर जीव आहे. आरपार साफ दिसलं, तर बाजूला काढा. कुठल्या तारखेची किती निघाली, हे वहीत लिहा. जी अंडी आठवड्यापेक्षा जुनी आहेत, ती सरळ बाजारात नेऊन विका किंवा मुलांच्या ताटात वाढा. कोंबडीचे 21 दिवसही मोलाचे आहेत.