पुस्तक-परीक्षण : अदब राखून मतभेद

एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या मुलामुलींना 'एका पुस्तकाचे टीकात्मक परीक्षण लिहा' असे काम मिळते, आणि घरात दोन-तीन दिवस शांतता पसरते. मग जे कागदावर उतरते ते बहुधा असे असते : पहिल्या प्रकरणात लेखक हे सांगतो, दुसऱ्यात ते सांगतो, आणि शेवटी 'एकंदरीत पुस्तक अत्यंत वाचनीय व उपयुक्त आहे'. हा झाला सारांश. प्राध्यापकांनी मागितले होते ते वेगळेच.

मुले आळशी असतात म्हणून असे होते, असे आम्हाला वाटत नाही. किताब हातातून खाली पडली तर उचलून डोळ्यांना लावायची, हे आपल्या घरांत लहानपणापासून शिकवले जाते. छापलेल्या शब्दाचा हा अदब चांगलाच आहे. पण अर्थशास्त्राचे पुस्तक म्हणजे एका माणसाने पुरावा देऊन इतरांसमोर मांडलेला दावा असतो, आणि तो तपासला जावा अशी लेखकाचीही अपेक्षा असते. टीकेला उर्दूत आपण 'तनकीद' म्हणतो. त्याच्या मुळाशी अरबी 'नक्द' आहे, आणि आपल्या बाजारातले 'नगद'ही तिथूनच आलेले. खरे नाणे खोट्यापासून वेगळे करणे हा त्याचा जुना अर्थ. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यापेक्षा जवळचा शब्द कुठे मिळणार?

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक पुस्तक घेऊ. अमर्त्य सेन यांचे 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' १९८१ साली निघाले. परीक्षणासाठी ते चांगले, कारण त्याचा प्रश्न एका वाक्यात सांगता येतो : दुष्काळात माणसे उपाशी का मरतात? अन्न कमी पडते म्हणून, हे प्रचलित उत्तर. सेन म्हणतात, अन्न बाजारात असूनही ते मिळवण्याची ताकद माणसाकडे उरत नाही, म्हणूनही मरतात. या ताकदीला मराठीत 'हक्कदारी' म्हणतात. स्वतःची जमीन, विकायला श्रम, विकायला माल यांच्या बदल्यात जेवढे अन्न मिळू शकते तेवढी माणसाची हक्कदारी.

त्यांचा मुख्य पुरावा १९४३ च्या बंगालचा आहे. सेन यांच्या हिशेबाने त्या वर्षी बंगालमधला अन्नपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ५ टक्केच कमी होता. १९४१ पेक्षा तर तो १३ टक्के जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये मात्र त्यांच्या अंदाजाप्रमाणे ३० लाखांच्या आसपास माणसे गेली. कोलकात्याच्या घाऊक बाजारात डिसेंबर १९४२ ला तांदूळ १३-१४ रुपये मण होता, पुढच्या मे महिन्यात तो ३० रुपयांवर गेला. युद्धखर्चाने भाव चढले, शेतमजुराची मजुरी मात्र त्या वेगाने वाढली नाही. ज्याला पिकाचा वाटा धान्यात मिळत होता तो बटाईदार त्यामानाने तगला. मजूर मेला. मच्छीमारही मेला, कारण मासळी विकून पूर्वीइतका तांदूळ येईना, आणि जपानी सैन्याच्या भीतीने सरकारने किनारी भागातल्या होड्याच काढून घेतल्या होत्या.

इथपर्यंत विद्यार्थ्याने फक्त लेखकाचे म्हणणे सांगितले. ते असे सांगावे की खुद्द लेखकाने वाचले तर 'होय, मी हेच म्हटले' असे तो म्हणेल. इमाम गझालींनी तत्त्वज्ञांचे खंडन करण्यापूर्वी त्यांचे शास्त्र समजून घेण्यात दोन वर्षांच्या आसपास काळ घातला, असे ते आत्मकथनात नोंदवतात. पुढे इब्ने रुश्द यांनी त्यांना उत्तर दिले तेव्हा आधी गझालींचा मजकूर उतरवायचा आणि मग त्यावर बोलायचे, अशी पद्धत ठेवली. आजच्या मुलांनी दोन वर्षे घालावीत असे नाही, पण प्रस्तावना आणि मागचे वेष्टन वाचून परीक्षण लिहू नये, एवढे तरी मागायला हरकत नाही.

आता तनकीद. पीटर बोब्रिक यांनी १९८६ मध्ये 'फूड पॉलिसी' या नियतकालिकात सेन यांच्यावर कडक हल्ला केला. बंगालची तेव्हाची पीक-आकडेवारी भरवशाची नव्हती, आणि तुटवडा सेन सांगतात त्याहून मोठा होता, हा त्यांचा आक्षेप. ऑक्टोबर १९४२ चे चक्रीवादळ आणि भातावरचा बुरशीजन्य रोग यांनी किती पीक गेले, यावरही वाद झाले. सेन यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. विद्यार्थी इथे दोन चुकीच्या वाटांनी जातात. एक म्हणतो, आकडे चुकले म्हणजे पुस्तक संपले. दुसरा म्हणतो, १९९८ चे नोबेल मिळालेल्या माणसाला आपण काय बोलणार? पारितोषिक हा पुरावा नव्हे, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसवायला हवी.

खरे काम या दोन वाटांच्या मध्ये आहे. पुस्तकात दावे दोन आहेत. पुरवठा फारसा न घटताही दुष्काळ पडू शकतो, हा एक. १९४३ चा बंगाल हे त्याचेच उदाहरण आहे, हा दुसरा. बोब्रिक यांचे आकडे खरे ठरले तर दुसरा दावा डळमळतो. पहिला त्याबरोबर पडेलच असे नाही, कारण पुस्तकात १९७४ चा बांगलादेशही आहे. सेन यांच्या आकड्यांप्रमाणे तिथे त्या वर्षी अन्नाची उपलब्धता मागच्या-पुढच्या वर्षांपेक्षा जास्तच होती. पुराने मजुरांची कामे बुडाली आणि उपासमार तिथून सुरू झाली. शिवाय बंगालमध्ये तुटवडा मोठा होता असे धरले, तरी मजूर मेला आणि बटाईदार का तगला, याचे उत्तर तुटवड्याच्या आकड्यात सापडत नाही. विद्यार्थ्याने एवढे वेगळे करून दाखवले तर परीक्षण झाले, असे आम्ही म्हणू.

उणिवा शोधतानाही प्रामाणिकपणा लागतो. हक्कदारीच्या मांडणीत लूटमार बसत नाही, दुष्काळातले बरेच मृत्यू साथीच्या रोगांनी होतात, या मर्यादा सेन यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. त्या आपला शोध म्हणून मांडणे म्हणजे लेखकाच्याच खिशातले पैसे काढून त्याला उधार देणे. मांडणी आणखी कुठे तोकडी पडते ते पाहायचे असेल, तर ॲलेक्स डी वाल यांचे सुदानमधल्या दारफूरवरचे १९८९ चे पुस्तक चाळावे. पुढच्या हंगामाची उपजीविका टिकावी म्हणून जनावरे न विकता उपास सोसणारी माणसे त्यात भेटतात.

आणखी एक मोह आपल्या मुलांना हमखास होतो. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तमध्ये अल-मक्रीझी यांनी दुष्काळावर एक छोटी किताब लिहिली. लाच देऊन मिळवलेल्या सरकारी जागा, जमिनीचे वाढलेले खंड आणि बाजारात ओतलेली तांब्याची नाणी ही त्यांनी सांगितलेली कारणे. नाईलचे पाणी कमी येणे त्यांना माहीत होतेच, पण सगळा दोष त्यांनी नदीवर टाकला नाही. त्यांनी लोकांचे सात वर्ग पाडले आणि या आपत्तीत प्रत्येकाचे काय झाले ते पाहिले. परीक्षणात हे जरूर लिहावे. मात्र 'सेन यांनी नवे काय सांगितले, हे तर आमच्या विद्वानांनी सहाशे वर्षांपूर्वीच लिहिले' असे वाक्य टाकले की सगळे फुकट गेले. मक्रीझींकडे हक्कदारीचा सिद्धांत नाही, सेन यांच्याकडे लाचखोर अधिकाऱ्यांचा तसा पाढा नाही. चढत्या भावाने कोण बुडाले आणि कोण तरले, हा प्रश्न दोघांत सामाईक आहे. तेवढा धागा दाखवावा, आणि फरकही तितकाच उघड सांगावा.

लेखनाबाबत थोडेसेच. सारांश एक-तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये. 'मला हे पटत नाही' लिहायला लाजू नये, पण त्याच वाक्यात 'कारण' आलेच पाहिजे. 'वाचनीय', 'उपयुक्त', 'मोलाचे' हे शब्द काढले तर किती ओळी उरतात ते एकदा मोजावे.

अम्मी-अब्बांना अर्थशास्त्र येत नसेल तरी त्यांचा इथे उपयोग आहे. मुलाने किंवा मुलीने परीक्षण लिहायला बसण्याआधी, रात्रीच्या जेवणावर, पुस्तक न उघडता सांगावे : लेखक काय म्हणतो, कशावरून म्हणतो, आणि तुला कुठे शंका आहे. सहाव्या-सातव्या मिनिटाला दादी 'म्हणजे धान्य होतं तरी मेले?' असे विचारेल. त्या प्रश्नाचे सोप्या भाषेत उत्तर देता आले की कागद घ्यावा.