प्रयोग आणि प्रामाणिकपणा

विद्यार्थी मित्रांनो, रोगापासून रक्षण व्हावे म्हणून लहानपणी आपल्याला लस टोचतात. ती लस सुरक्षित आहे की नाही, हे आधी कोणावर तरी पाहावे लागते. ते कोणावर पाहावे आणि कसे पाहावे, हा प्रश्न जसा विज्ञानाचा आहे तसाच नीतीचाही आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. माणसे पटापट मरू लागली. तेव्हा डॉ. हाफकिन मुंबईला आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली. प्रथम ती सशांना टोचली. मग १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप आला. पण ते बरे झाले. त्यानंतरच भायखळ्याच्या तुरुंगातील, आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. जो धोका दुसऱ्याला, तो आधी आपल्याला, असे ते वागले. पण आज एवढे पुरेसे मानत नाहीत. तुरुंगातला माणूस मोकळेपणाने ‘नाही’ म्हणू शकेल का? म्हणून आता सर्व धोके समजावून माणसाची संमती घ्यावी लागते.

माणसाला विचारता येते. सशाला कोण विचारणार? मुक्या प्राण्यांसाठी रसेल आणि बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन नियम सांगितले. शक्य असेल तेथे प्राण्यांऐवजी दुसरा मार्ग वापरावा. प्राणी घ्यावेच लागले, तर कमीत कमी घ्यावेत. त्यांना होणारा त्रास होईल तितका कमी करावा. भारतात १९६० साली झालेला कायदाही हेच सांगतो. प्रयोग दयेने करावा, शक्यतो गुंगीचे औषध द्यावे आणि पुस्तके, नमुने किंवा चित्रपट यांनी शिकवता येत असेल, तर प्राण्यांवर प्रयोग टाळावा.

आता असे समजा, की एखाद्या शास्त्रज्ञाने नावलौकिकासाठी आकडे बदलले. मग त्या प्राण्यांचे हाल व्यर्थ गेले. इतर शास्त्रज्ञ चुकीच्या वाटेने गेले आणि शेवटी रोग्याला अपाय झाला.

खऱ्या नोंदीचे मोल किती असते, तेही पाहा. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी प्लेगची लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि त्यांचे पद गेले. पुढे चौकशीची कागदपत्रे तपासली, तेव्हा वेगळीच गोष्ट दिसली. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट स्वच्छ न करताच वापरला होता. १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. मुंबईतील हाफकिन संस्था आज त्यांचेच नाव चालवते.

मित्रांनो, मूळ अरबी ‘अमानत’ मराठीत ‘अनामत’ झाली. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली वस्तू म्हणजे अनामत. प्रयोगाची नोंदही तशीच असते. शाळेच्या प्रयोगशाळेत तापमापी ९७ अंश दाखवते आणि पुस्तकात १०० लिहिलेले असते. अशा वेळी वहीत ९७ च लिहा. फरक का पडला, ते गुरुजींना विचारा. त्या प्रश्नापासूनच खरे संशोधन सुरू होते.