जुनी मोत्यांची माळ घेताना

लग्नसराई आली की मोबाईलवर ‘जुनी, अस्सल जपानी मोत्यांची माळ’ अशा जाहिराती दिसू लागतात. घामाचा पैसा घालण्यापूर्वी भगिनींनी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात, असे आम्हांस वाटते.

कल्चर मोती खोटा नव्हे. जिवंत शिंपल्यात शिंपेचाच मणी घालतात व शिंपला त्यावर थर चढवतो. जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३ साली असा अर्धगोल मोती मिळवला. नकली मोती म्हणजे काचेचा किंवा प्लास्टिकचा रंगवलेला मणी.

दातावर हलकेच घासला तर खरा मोती खरखरीत लागतो, नकली गुळगुळीत. पण फोटो दातावर कसा घासणार? म्हणून उजेडात, जवळून काढलेले भोकांचे व फाशाचे फोटो मागावेत. भोकापाशी रंगाचे पापुद्रे सुटलेले असतील तर माळ नकली समजावी. सगळे मणी तंतोतंत सारखे असले तरी शंका घ्यावी. घामाने, अत्तराने झिजलेल्या मोत्याचे गेलेले तेज परत येत नाही. फाशावरचा ‘सिल्व्हर’ हा ठसा फाशापुरताच. तो मोत्यांचा दाखला नव्हे. दोरा सैल असेल तर पुन्हा ओवण्याचा खर्च धरावा.

‘नैसर्गिक मोती’ म्हणून जादा पैसे मागितले तर प्रयोगशाळेचा एक्स-रे तपासणीचा दाखला मागावा. नुसत्या नजरेने तो फरक ठरत नाही.

माल परत घेण्याची अट आधी लेखी घ्यावी. पावती जपावी. फसवणूक झाल्यास ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करावी.

माळेवाचून लग्न अडत नाही. उसनवारीने घेतलेली माळ नकली निघाली, तर मात्र हप्ते फेडताना रोज सलते.