दिवाळीपुरती हजेरी

संध्याकाळी ६.४०
नागपुरात अमरावती रोडवर वाडीला शेअर ऑटोतून पोरं उतरतात. ३० रुपये सीट. त्यातला एक काटोलकडचा, बी.ए. दुसऱ्या वर्षाचा. दसऱ्यापासून गोदामात लोडर आहे. गावात सोयाबीन कापायला माणूस मिळत नाही, अन् हा इथं. "तिथं ऊन लागते, इथं पंखे आहेत." पंखे आहेत खरे, गाडीच्या आत नाहीत.

७.००
गेट. अंगठा, हजेरी, मोबाइल जमा, खिसे तपासणी. गार्डच्या टेबलावर जप्त खर्र्याच्या पुड्या. रोज सापडतात, रोज आणतात.

७.१५
पट्टा सुरू. डॉकला बत्तीस फुटी कंटेनर पाठ लावून उभा. आत दोघंच. एक खोकी पुढं सरकवतो, हा रचतो. समोरच्या पत्र्यापासून थर चढवायचे. खाली तेलाचे डबे, मिक्सर, कुकर. मधे चपला-बूट. वर साड्या-कुर्त्यांच्या पिशव्या. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, विटकामासारखं. फटीत पिशव्या ठासायच्या. काचेच्या पेल्याचं चित्र असलेलं खोकं तो आधी कानाशी हलवून पाहतो, मग जागा ठरवतो. "भारी खाली, हलकं वर. गाडी हालली तरी माल हालला नाही पाहिजे." पहिल्या रात्री त्याचाच थर ढासळला होता. आता सुपरवायझर नव्या पोरांना त्याच्याकडं पाठवतो. रोज मात्र सगळ्यांचा सारखाच, ५०० रुपये.

रात्री ११.३०
रायपूरची गाडी. स्कॅनर वाजायच्या आत याला चुकलेलं पार्सल दिसतं. पिनकोडचे पहिले तीन आकडे बस. ४९२ रायपूर, ५०० हैदराबाद, ४०० मुंबई. मधेच ४४५ आलं. "यवतमाळ. हे इकडं कुठं?" उचलून बाजूला.

१.३०
जेवण, अर्धा तास. डब्यात पोळ्या, वांग्याची भाजी. चहा १० रुपये. कंपनीनं दिलेले हातमोजे आठवड्यातच फाटले, नवे ४० रुपयांना घेतले. कमरेचा पट्टा २५० चा, मेडिकलमधून. तोही स्वतःचाच.

२.४५
भिवंडीकडची गाडी, रात्रीतली सगळ्यात मोठी. ही समृद्धी महामार्गानं जाणार. ७०१ किलोमीटरचा रस्ता, जून २०२५ पासून पुरता खुला. नागपुरातून उत्तर-दक्षिण ४४ नंबरचा हायवे जातो, पूर्व-पश्चिम ५३ नंबरचा. म्हणून वाडीत गोदामाला गोदाम लागून आहे. याला त्यातलं एकच दार माहीत. गाडीच्या आत शर्ट पाठीला चिकटलेला. या वेळेला कुणी बोलत नाही. फक्त स्कॅनरची टीं-टीं आणि "हाण बे लवकर!"

पहाटे ५.३०
दार बंद, सील. नंबर वहीत उतरला. सुपरवायझर म्हणतो, "अजून एक गाडी लागते. थांबतो का?" तो थांबतो. ओव्हरटाइमचा दर विचारत नाही. विचारायला हवा, पण विचारलं की उद्याच्या यादीत नाव खाली जातं.

७.१०
टपरीवर तर्री-पोहे, ३० रुपये. मग बोटांवर हिशेब. जाण्यायेण्याचे ६०, दोन चहांचे २०, पोह्यांचे ३०. पाचशेतून उरले ३९०. ओव्हरटाइम धरला की नाही, ते शनिवारी ठेकेदाराकडं कळेल.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री शेवटची पाळी आहे. पुढचं काम ठेकेदाराचा फोन आला तर.