शेताचा निचरा आणि शहराचे पाणी

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील आयोवा हे राज्य मका आणि सोयाबीनचे कोठार म्हणून ओळखले जाते. मात्र दीडशे वर्षांपूर्वी या राज्याच्या उत्तर-मध्य भागातील बरीचशी जमीन नांगराखाली येण्याजोगी नव्हती, हे सांगितल्यास आज पटणे कठीण. हिमयुगाच्या अखेरीस मागे हटलेल्या हिमनदीने येथे जवळजवळ सपाट मुलूख आणि त्यात असंख्य उथळ खळगे मागे ठेवले. पाणी वाहून नेणारे ओढ्यांचे जाळे तयार झालेच नव्हते. वितळलेला बर्फ आणि वसंतातला पाऊस या खळग्यांत आठवडेच्या आठवडे साचून राही. कृष्णाकाठचा शेतकरी अशा जमिनीला चिबड म्हणेल. अर्थात, आपल्याकडे उसाला दिलेल्या वारेमाप पाण्याने चांगली जमीन चिबड होते. तेथे ती मुळातच पाणथळ होती.

अशा जमिनीचा निचरा एकट्यादुकट्या शेतकऱ्याला करता येत नाही. आपल्या शेतातले पाणी काढायचे, तर ते शेजाऱ्याच्या शेतातूनच न्यावे लागणार, आणि शेजारी त्याला तयार असेलच असे नाही. या अडचणीतून 'ड्रेनेज डिस्ट्रिक्ट' म्हणजे निचरा मंडळाची कल्पना पुढे आली. १९०८ मध्ये आयोवाच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून अशा मंडळांना भक्कम आधार देण्यात आला. आज राज्यात अशी तीन हजारांहून अधिक मंडळे आहेत.

मंडळाची हद्द गावाच्या शिवेवरून ठरत नाही, पाण्याच्या उतारावरून ठरते. एका चरात ज्या ज्या शेतांचे पाणी येते, ती सारी शेते एका मंडळात. जमीनमालकांनी अर्ज करायचा, अभियंत्याने पाहणी करून आराखडा द्यायचा, मग जाहीर सुनावणी होऊन मंडळ स्थापन व्हायचे, असा क्रम असतो. कारभार बहुतेक ठिकाणी काउंटीचे निर्वाचित पर्यवेक्षकच पाहतात. काही मंडळांत मात्र जमीनमालक स्वतःचे विश्वस्त निवडतात.

खर्चाची वाटणी हा यातील सर्वांत नाजूक भाग. सर्वांना सारखी पट्टी नसते. ज्याला निचऱ्याचा लाभ जास्त, त्याला आकारणी जास्त, हे सूत्र. अर्थातच लाभ मोजायचा कसा, यावरून वाद होतात. चराच्या वरच्या टोकाचा शेतकरी म्हणतो, खालचा गाळ काढण्याचे पैसे मी का द्यावेत? पण खालचा चर तुंबला, की पाणी त्याच्याच शेतात थोपते, आणि मक्याचे कोवळे पीक काही दिवस पाण्याखाली राहिले तर हातचे जाते.

प्रत्यक्ष यंत्रणा साधीच आहे. शेतात साधारण तीन-चार फूट खोलीवर नळ्या पुरलेल्या असतात. पूर्वी त्या भाजलेल्या मातीच्या होत्या, आता सच्छिद्र प्लास्टिकच्या वापरतात. जमिनीत मुरलेले जादा पाणी त्यांत उतरते, तेथून मंडळाच्या मोठ्या मुख्य नळीत, मग उघड्या चरात आणि अखेर नदीत जाते. शेतातली नळी शेतकऱ्याची, मुख्य नळी आणि चर मंडळाचा. मंडळाचे बरेचसे काम देखभालीचेच असते. चरातला गाळ उपसणे, काठ ढासळल्यास सावरणे, नळीत शिरलेली झाडांची मुळे काढणे, शतकभरापूर्वीची खचलेली नळी बदलणे, ही ती कामे. पुराला थोपवणे हे या मंडळांचे काम नव्हे. पाण्याला पुढची वाट मोकळी ठेवणे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असते.

नेमके हेच कर्तव्य पुढे वादाचे कारण ठरले. मुरणारे पाणी आपल्याबरोबर मातीतील नायट्रेट विरघळवून नेते. जमिनीखालील नळ्या हे पाणी थेट चरात आणि नदीत आणून सोडतात. रकून नदीचे पाणी पिणारे राज्याच्या राजधानीचे शहर डी मॉइन त्यामुळे हवालदिल झाले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट-नायट्रोजनचे प्रमाण लिटरमागे १० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, अशी अमेरिकेतील मर्यादा आहे; ते वाढल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. नायट्रेट काढून टाकणारे खर्चिक संयंत्र शहराने १९९०च्या दशकाच्या प्रारंभीच उभारले होते.

मार्च २०१५ मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने सॅक, कॅल्हून आणि ब्यूना व्हिस्टा या तीन काउंटींतील १० निचरा मंडळांविरुद्ध दावा लावला. मंडळाची नळी हा कारखान्याच्या सांडपाण्याच्या नळीसारखाच प्रदूषणाचा निश्चित स्रोत असून तिला परवाना हवा, असा संस्थेचा युक्तिवाद होता. शहर विरुद्ध शेती असे त्याला रूप आले. जानेवारी २०१७ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने या मंडळांकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही, असे स्पष्ट केले. दोनच महिन्यांनी संघराज्य न्यायालयाने दावा फेटाळला. मंडळांना कायद्याने केवळ निचऱ्याचे अधिकार दिले आहेत, नायट्रेट रोखण्याचे अधिकारच त्यांच्याकडे नाहीत, तेव्हा उपाय विधिमंडळानेच शोधावा, असा त्याचा आशय. शहराचे नुकसान झाले नाही, असे मात्र न्यायालयाने म्हटले नाही.

प्रश्न तेथेच राहिला. जून २०२५ मध्ये नद्यांतील नायट्रेट इतके वाढले, की डी मॉइन परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आली. पाणी कमी नव्हते. शुद्ध करण्याची क्षमता अपुरी पडत होती.

उपाय ठाऊक आहेत. नळीचे पाणी चरात सोडण्यापूर्वी लाकडाच्या चिपा भरलेल्या खड्ड्यातून नेले, तर त्यातील सूक्ष्मजीव नायट्रेटचे रूपांतर नायट्रोजन वायूत करतात. नदीकाठच्या गवताळ पट्ट्यात पाणी जिरवणे किंवा बुजवलेले खळगे काही ठिकाणी पुन्हा पाणथळ करणे, हेही मार्ग आहेत. पण असा खड्डा खोदल्याने शेतकऱ्याचे मक्याचे उत्पन्न दाणाभरही वाढत नाही, आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यातील चिपा बदलाव्या लागतात. लाभानुसार आकारणी हे मंडळाचे शंभर वर्षांचे सूत्र येथे अडते, कारण लाभ होतो तो मंडळाच्या हद्दीबाहेर, दूरच्या शहरात.