‘मॉर्टगेज’ म्हणजे मेलेले तारण

बँकेत अथवा सोसायटीत कर्जासाठी गेलेल्या शेतकऱ्याच्या कानी ‘मॉर्टगेज’ हा शब्द हमखास पडतो. ‘गहाण’ एवढा अर्थ करून आपण मोकळे होतो. परंतु ह्या शब्दाच्या पोटात काय दडले आहे, हे ज्याची जमीन गुंतावयाची त्याने जाणून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. ‘मॉर्ट’ म्हणजे मृत व ‘गेज’ म्हणजे तारण. जमीन तर मरत नाही. मग हे मरण कोणाचे? ग्लॅनव्हिल ह्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या बाराव्या शतकातील इंग्लंडच्या कायदेग्रंथात ह्याचे उत्तर आहे. धनकोने जमिनीचे उत्पन्न खावे, पण त्यापायी कर्जातून काहीच वजा होऊ नये, असे गहाण ते मृत. उत्पन्नाने कर्ज फिटत जाते, ते जिवंत. पुढे इ. स. १६२८ साली सर एडवर्ड कोक ह्यांनी दुसरा अर्थ दिला: मुदतीत पैसे न फेडल्यास जमीन ऋणकोस मेली, फेडल्यास तारण धनकोस मेले.

ही केवळ शब्दांची चर्चा नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. कागदावरील अक्षरांनी जमीन कशी जाते, हे त्यांनी भोगले होते.

आपल्याकडे मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा इ. स. १८८२ चा आहे. त्याप्रमाणे ताबे गहाणात जमिनीचे उत्पन्न व्याजापोटी, मुद्दलापोटी किंवा दोहोंपोटी घेता येते. कशापोटी, हे गहाणखतच ठरविते. केवळ व्याजापोटी असे लिहिले असेल, तर वर्षानुवर्षे पिके देऊनही मुद्दल जागच्या जागी राहील.

शर्तीच्या खरेदीत तर अधिक सावध असावे. पैसे फेडताच जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर इ. स. १९२९ च्या दुरुस्तीमुळे तो व्यवहार गहाण ठरतच नाही. तोंडी वचन किंवा निराळा कागद तेथे उपयोगी पडत नाही.

म्हणून वाचकांस आमची विनंती एवढीच की, सही करण्यापूर्वी खत मोठ्याने वाचवून घ्यावे व विचारावे: हे तारण जिवंत की मेलेले?