पावसाळ्यांत होडी उघड्यावर कशी ठेवावी

खाडीकांठच्या शेतकऱ्यास होडी ही बैलगाडीइतकीच गरजेची वस्तु आहे. पलीकडील खाजणांतलें भात व पेंढा तिच्यांतूनच घरीं येतो, आणि सवड मिळेल तेव्हां कालवणापुरती मासळीही तीच मिळवून देते. परंतु रोहिणी नक्षत्र लागतांच घर व गोठा शाकारण्याची जी घाई आपण करितों, तींत होडीची आठवण सर्वांच्या शेवटीं होते. होडी पाण्यांतलीच वस्तु, तिला पाण्याचें भय काय, असें कित्येक म्हणतात. हा समज चुकीचा आहे. होडीस खालच्या पाण्याहून वरच्या पाण्याचाच धोका अधिक.

लांकूड कुजविणाऱ्या बुरशीस खारें पाणी मानवत नाहीं. पावसाचें गोडें पाणी चांगलें मानवतें. फळ्या ओल्या राहिल्या व वारा लागला नाहीं, कीं ती सांध्यांत शिरते. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि खिळ्यापाशीं सुरीचें टोंक लावावें तर तें भुशांत गेल्यासारखें आंत जातें. हें एक कारण झालें. दुसरें वजनाचें.

कचेरींत असतां पर्जन्यमापकाचे आंकडे रोज सकाळीं वहींत मांडण्याचें काम कित्येक वर्षें आम्हांकडे होतें. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरावर एक लिटर पाणी, हा हिशेब आम्हांस तोंडपाठ. पण तो आपल्याच होडीस लावून पाहण्याची बुद्धि नुकसान झाल्यावर सुचली. १६ फूट लांब व ४ फूट रुंद होडीचें तोंड, टोंकांचा निमुळतेपणा वजा जातां, सुमारें ४ चौरस मीटर भरतें. आषाढांत एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस कोंकणांत नवलाचा नव्हे. तेवढ्यानें होडींत ४०० लिटर, म्हणजे ४०० किलो पाणी सांचतें. ५० किलोंचे आठ कट्टे तांदूळ रचल्यासारखेंच तें. होडी तरंगत असतां बाहेरचें पाणी तिला सर्व बाजूंनीं तोलून धरतें. जमिनीवर हा सगळा भार ज्या दोन चिऱ्यांवर ती टेकली असेल, तेथेंच येतो. आमच्या होडीची तळची फळी चिऱ्यापाशींच तडकली.

वास्तविक आम्हीं ती झांकली होती. पण ताडपत्री सपाट ताणून बांधिली होती. दोन दिवसांत तिला मध्यें झोळ पडला, झोळाचें तळें झालें, आणि एका रात्रीं ती फाटून सगळें पाणी आंत गेलें. आम्ही लावणीच्या गडबडींत. पाहिलें तेव्हां आंत डांसांच्या अळ्या वळवळत होत्या. (डेंग्यूचा डांस अशाच सांचलेल्या पाण्यांत वाढतो, हेंही ध्यानांत ठेवावें.) सुतारास दसऱ्यापर्यंत सवड झाली नाहीं, आणि पलीकडचें हळवें भात दुसऱ्याच्या होडीची मनधरणी करून आणावें लागलें.

होडी चौघांस उलटतां येण्याजोगी असेल तर पालथी घालावी; यासारखा उपाय नाहीं. जागा उधाणाच्या भरतीहून उंच असावी, आणि माडाखालीं नसावी. लांकूड मातीस टेकूं देऊं नये, वाळवी लागते. चिऱ्यांवर आडवीं लांकडें घालून त्यांवर कांठ टेकवावे, म्हणजे खालून वारा खेळतो. मात्र वादळांत पालथी होडी उलथूं शकते. ३ जून २०२० रोजीं अलिबागेजवळ किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळानें नारळी-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या. तेथें होडीची काय कथा? दोहों बाजूंस खुंट ठोकून त्यांस ती बांधावी. झाडास बांधूं नये. झाड हालतें आणि दोरानें कांठ झिजतो.

जड होडी सुलटीच ठेवावी लागते. तिला दोनांऐवजीं चार-पांच ठिकाणीं आधार द्यावा, नाळ पिछाडीहून वीतभर उंच करावी, व पिछाडीकडील बूच काढून तें होडीसच सुतळीनें बांधून ठेवावें. भोंकांत पानें अडकतात, म्हणून आठवड्यांतून एकदां काडी घालून पाहावें. वर घरास असतें तसें बांबूचें आढें धरून ताडपत्रीस दोहींकडे चांगला उतार द्यावा, व ती कांठाखालीं हातभर लोंबूं द्यावी. दोन्ही टोंकें उघडीं असावींत. गच्च गुंडाळलेल्या होडींत ओल कोंडते, आणि मग झांकल्याचें श्रेय बुरशीसच मिळतें. पूर्वीं झावळ्यांच्या झापांनीं होड्या शाकारीत; झाप एका पावसाळ्यापुरतेच, पण त्यांत वारा कोंडत नसे.

फायबरची होडी कुजत नाहीं म्हणून तिचा मालक निश्चिंत असतो. तथापि यंत्र बसविण्याच्या पिछाडीच्या पोटांत पुष्कळदां प्लायवूड असतें. बोल्टांच्या भोंकांतून पाणी शिरलें कीं तें आंतल्याआंत कुजतें. वजनाचा हिशेब तर तिलाही चुकत नाहीं.

नारळी पौर्णिमेनंतर आच्छादन काढल्यावर लांकडी होडी लगेच खोल पाण्यांत नेऊं नये. फळ्या सुकून सांधे उघडलेले असतात. एक-दोन दिवस उथळ पाण्यांत बांधून ठेवावी, म्हणजे लांकूड फुगून ते मिटतात. न मिटल्यास कापूस व राळ भरून घ्यावी. आणि निघण्यापूर्वीं बूच लावलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. आम्ही एकदां न पाहतां निघालों होतों.